कार्डावरची उंची

मावशीचा आवाज म्हणजे त्या शाळेतली दुसरी घंटाच. कागदोपत्री ती सिस्टर, म्हणजे शाळेची परिचारिका. पण तिची सख्खी भाची त्याच शाळेत शिकायला आली आणि भाचीचं ऐकून साऱ्या पोरींनी तिला मावशी करून टाकलं, ते कायमचं. दर वर्षी शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात ती एकेका वर्गाला तपासणीच्या खोलीत बोलावी. पोरींनी बूट काढायचे, केस सोडायचे, टाचा भिंतीला टेकवून उभं राहायचं. मावशी उंचीपट्टीवरची सरकती फळी डोक्यावर आणून टेकवायची, आकडा मोठ्याने पुकारायची, आणि दाराशी टेबल टाकून बसलेल्या वर्गबाई तो पिवळ्या कार्डावर लिहून घ्यायच्या.

पुकारायचा हा नियमच होता. मावशी नवी होती तेव्हा तिच्या वरच्या सिस्टरने बजावलं होतं, "मनात ठेवलेला आकडा टेबलापर्यंत जाताजाता बदलतो गं. तोंडाने सोडून मोकळी हो."

कार्डावर वाकड्या रेषा छापलेल्या असत, वयाबरोबर वर चढत जाणाऱ्या. बहुतेक पोरींचा ठिपका त्या रेषांच्या मध्ये कुठेतरी पडे. सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली ज्या पोरीचा ठिपका जाईल, तिच्या घरी चिठ्ठी जायची, की मुलीला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मावशीचं काम चाळणी धरायचं. पुढचं डॉक्टर बघतील.

भाचीचं घरातलं नाव इवली. जन्मली तेव्हा अंगाने मूठभर आणि पावलं मात्र पावासारखी फुगलेली. सुईण म्हणाली, उतरेल सूज. उतरलीही. मग पोर हसरी, बोलकी, पाठांतरात पुढे, म्हणून पावलांची आठवण कुणी ठेवली नाही. ताई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायच्या पट्ट्यावर उभी असायची. भावोजी दूरच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचे. शाळा सुटली की इवली मावशीचं बोट धरून घरी यायची. मावशीने लग्न केलं नव्हतं. देवाने आपली ओंजळ ताईच्या पोरीने भरली, असं ती म्हणायची, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

इवली नऊ वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. तिचा वर्ग रांगेत उभा होता. इवली सगळ्यात पुढे, कारण रांग उंचीप्रमाणे लावायची. मागून कुणीतरी म्हणालं, "सिस्टरना स्टूल द्या, खाली वाकून पाठ मोडेल त्यांची." दुसरी म्हणाली, "अगं, हिला आकडा नको, हिला भिंग लागेल." पोरी खिदळल्या. वर्गबाईंनी "गप्प!" म्हटलं, पण त्याही ओठ दाबून हसत होत्या.

इवली पट्टीला टेकून उभी राहिली. फळी डोक्यावर आली तशी तिने मान वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी, मोठ्याने नको ना."

एकशे साडेसोळा. मावशीने दोनदा पाहिलं. खालची रेष त्या वयाला एकशे एकोणीसवर होती. म्हणजे चिठ्ठी. म्हणजे सगळ्या वर्गासमोर चिठ्ठी, आणि उद्यापासून नवीन नाव. पोरीचे डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती. हसू आणायचा प्रयत्न करत होती, आणि ते बघून मावशीचं काळीज पाणी पाणी झालं.

"एकशे साडेएकोणीस!" मावशीने पुकारलं.

वर्गबाईंनी लिहिलं. इवली उड्या मारत बूट घालायला गेली. मावशीने मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी पोरीची उंची सुटेल, भरून निघेल सगळं. आमच्या घराण्यातच उशिरा वाढायची रीत आहे. देवा, तीन सेंटिमीटर ते काय, बोटाची दोन पेरं.

पण भजनात पहिल्याच ओळीला सूर घसरला तर पुढची कडवी त्या घसरलेल्या सुरालाच धरून म्हणावी लागतात. पुढच्या वर्षी इवली साडेतीन सेंटिमीटर वाढली होती आणि कार्डावर पाच वाढायला हवी होती. मावशीने पाच वाढवून पुकारले. त्याच्या पुढच्या वर्षीही पाच. पोर वाढत नव्हती पण खोटं दर वर्षी नियमाने वाढत होतं, धडधाकट, खातंपितं. पाच वर्षांत ते तीनाचं साडेदहा झालं. मावशीला रात्री जाग यायची तेव्हा ती हाच हिशेब उलटा करायचा प्रयत्न करायची. एखाद्या वर्षी खरा आकडा पुकारावा, तर कार्डावर पोर एकदम खचलेली दिसेल, आणि पहिला प्रश्न येईल तो पुकारणारीवर.

असंही नव्हतं की तिला काही कळत नव्हतं. सातवीच्या पोरींना दर वर्षी तीच तर सांगायची, खोलीचं दार लावून, फळ्यावर चित्र काढून. आधी शरीर हळूहळू आकार बदलतं, मग उंची झपाट्याने सुटते, हाडं लांब होतात, कपडे आखूड पडतात, आणि पाळी येते ती या सगळ्याच्या शेवटाकडे. मग एखादी हमखास विचारायची, "मावशी, माझं अजून काहीच नाही!" आणि मावशी म्हणायची, "प्रत्येकीचं घड्याळ वेगळं, बाळा." हे खरंच होतं. शंभरातल्या बऱ्याच पोरींना ते पुरेसंही होतं. इवली सातवीत आली त्या वर्षी तीही शेवटच्या बाकावर बसून ते लिहून घेत होती.

बारावं सरताना ताईने विचारलं होतं. जेवणं झाली होती, ताई पाय चोळत बसली होती. "काय गं, हिला कुठे दाखवू या का? माझ्या पट्ट्यावरच्या बाईची पोर हिच्याहून लहान, तिला पाळीसुद्धा आली."

"कार्डावर रेषेच्या वर आहे," मावशी म्हणाली.

"मग ठीक. तू बघतेयस म्हणजे मला काळजी नाही. आणि एका अर्थी बरंच की. पाळी आली की उंची थांबते म्हणतात. हिची उशिरा येईल, तेवढी वाढून घेईल."

"हो," मावशी म्हणाली. त्या 'हो'ची तिला पुढे इतकी लाज वाटली, की ती आठवण आली तर हातातलं काम टाकून ती उभी राहायची.

चौदा सरून सहा महिने झाले तेव्हा ताईनेच सुट्टी काढली. या वेळी तिने विचारलं नाही. "कार्ड दे," एवढंच म्हणाली. तिघी मोठ्या दवाखान्यात गेल्या.

लहान मुलांच्या वाढीच्या डॉक्टर बाई ठेंगण्या आणि गोलमटोल होत्या. इवलीला बघून म्हणाल्या, "ये, माझ्याच पक्षातली दिसतेस." इवली हसली. बाईंनी तिची मान पाहिली, केसांची मागची रेघ पाहिली, तळहात, नखं. पडदा ओढून बाकी तपासणी केली, आई शेजारी असताना, प्रत्येक गोष्ट आधी विचारून. मग डाव्या हाताचा एक्स-रे काढायला पाठवलं. "हाताचा फोटो आहे, हसायची सक्ती नाही," म्हणाल्या.

फोटो उजेडाला धरून त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. बोटांच्या हाडांच्या टोकांशी काळ्या फटी दिसत होत्या. "ह्या फटी आहेत ना, तिथे हाड वाढतं. वयात येताना शरीरात जी संप्रेरकं सुटतात, ती आधी ह्या वाढीला जोर देतात आणि मग हळूहळू ह्याच फटी बुजवून टाकतात. फट बुजली की उंची संपली. हिचं हाड अजून बारा वर्षांच्या पोरीचं दिसतंय. म्हणजे दार उघडं आहे, थोडं."

"बघ," ताई मावशीकडे वळून म्हणाली. "मी म्हणत नव्हते? वाढायची आहे अजून."

"थांबा, आई. वाट बघत बसून ती वाढेल असं नाही. तेरा पुरी होईपर्यंत वयात आल्याची एकही खूण दिसली नाही, तर नुसतं घड्याळ वेगळं म्हणून सोडायचं नसतं. घड्याळ उघडून बघायचं असतं." बाईंनी कार्ड पुढे ओढलं आणि चष्मा वर केला. "आणि इथे मला काही समजत नाही. शाळेतला शेवटचा आकडा एकशे त्रेचाळीस. मी आत्ता मोजली, एकशे तेहतीस. माणूस वाढायचा थांबतो. दहा सेंटिमीटर परत जात नाही."

भिंतीवरचा पंखा खडखडत होता.

"पट्टी सरकली असेल शाळेची," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "होतं असं. खिळा ढिला होतो. तसं असेल तर गेल्या तीन वर्षांचे आकडे सोडून देते. पण त्याआधीचे ठिपके बघा, पोर खालच्या रेषेचं बोट धरून नीट चाललीय. तोवर नीट आणि मग एकदम ठप्प. असं असेल तर मला आधी डोक्याचं स्कॅनिंग करायला हवं. मेंदूखालच्या ग्रंथीवर काही दाब आलाय का ते."

"डोक्यात?" ताईचा आवाज चिरकला. "म्हणजे गाठ?"

"घाबरू नका. शक्यता तपासायची असते. यंत्र इथे नाही, नंबर लावावा लागेल. महिना, दीड महिना."

ताईने इवलीला जवळ ओढलं. इवली मावशीकडे बघत होती. नऊ वर्षांची असताना जशी वर मान करून बघितली होती तशी नाही, सरळ बघत होती.

मावशीपुढे दोन वाटा होत्या आणि पहिली वाट डॉक्टरांनीच झाडून ठेवली होती. पट्टी सरकली. खिळा ढिला. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मग महिना, दीड महिना डोक्याच्या स्कॅनिंगमागे जाणार, आणि ताई रोज पट्ट्यावर उभी राहून पोरीच्या डोक्यातली गाठ मोजणार. देवाचं नाव घ्यावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच.

"पट्टी बरोबर आहे, डॉक्टर. आकडे खोटे आहेत."

"कुठले?"

"सगळे. नवव्या वर्षापासून. मी पुकारले खोटे."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही त्या शाळेच्या सिस्टर?"

"हो."

"खरे आठवतात?"

मावशीला सगळे आठवत होते. एकशे साडेसोळा, एकशे वीस, एकशे साडेतेवीस, एकशे सत्तावीस, एकशे तीस, एकशे साडेबत्तीस. ती पाठ म्हणत गेली आणि बाई पेन्सिलीने ठिपके देत गेल्या. प्रत्येक ठिपका रेषेखाली, आणि दर वर्षी रेषेपासून आणखी लांब. सहा ठिपके झाल्यावर बाईंनी पेन्सिल ठेवली.

"ही एकदम थांबलेली नाही," त्या म्हणाल्या. "ही पहिल्यापासून अशीच आहे. मग आधी रक्ताची तपासणी, गुणसूत्रांची. आणि हृदयाची." मग मावशीकडे न बघता म्हणाल्या, "नऊला हे कार्ड माझ्याकडे आलं असतं तर पंधरा मिनिटांत संशय आला असता, सिस्टर."

परतताना ताईने इवलीचा हात धरला होता. रस्ता ओलांडताना मावशीने सवयीने तिचा दुसरा हात धरायला हात पुढे केला, तर ताईने चालता चालता पोरीला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. टर्नर सिंड्रोम. बायकांच्या शरीरात जी दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं इवलीत एकच होतं. बाईंनी चित्र काढून समजावलं. गर्भ राहिला तेव्हाच हे ठरलं, यात आईचा दोष नाही, बापाचा नाही. अंडाशयं सुकल्यासारखी आहेत, म्हणून शरीर आपणहून वयात येणार नाही. ती संप्रेरकं बाहेरून, अगदी थोडीथोडी वाढवत द्यावी लागतील. पाळी औषधाने येईल. मूल स्वतःच्या बीजातून होण्याची आशा जवळजवळ नाही. हृदयाच्या एका झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या आहेत, त्यावर आयुष्यभर लक्ष ठेवायचं.

"आणि उंची?" इवलीने विचारलं. एवढ्या सगळ्यात तिने तेवढंच विचारलं.

"वाढीचं इंजेक्शन रोज. जितकं लहानपणी सुरू होतं तितका उपयोग. आता…" बाईंनी शब्द निवडले. "आता दोन औषधं एकाच वेळी चालवायची. एक हाड वाढवणार, दुसरं वयात आणणार आणि हाडाची फट बुजवणार. दुसरं आणखी लांबवता येत नाही, आधीच उशीर झालाय, त्याचा हाडांच्या बळकटीवर आणि मनावरही परिणाम होतो. चार सेंटिमीटर मिळाले तरी मी खूश होईन."

"नवव्या वर्षी सुरू केलं असतं तर?" हे ताईने विचारलं.

"आई, त्याचा आता काय उपयोग?"

"मला आकडा सांगा."

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण ह्याच्या दुप्पट तरी. कदाचित जास्त."

मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिला वाटलं, आता ताई ओरडेल. ताईने ओरडावं, शिव्या द्याव्यात, बिस्किटांच्या पट्ट्यावर राकट झालेल्या त्या हाताने मुस्काटात मारावी. ताईने पर्समधून रुमाल काढला, इवलीच्या नाकाखाली फिरवला, आणि डॉक्टरांना विचारलं, "इंजेक्शन कोण देणार?"

"घरीच द्यायचं, संध्याकाळी. तुमच्या घरात तर सिस्टर आहेत, प्रश्नच नाही."

"मला शिकवा," ताई म्हणाली.

मावशीने शाळेत स्वतःच लिहून दिलं. खोटी कार्डं अजून असतील का म्हणून सगळी कार्डं नव्याने तपासली गेली. दुसरं एकही खोटं निघालं नाही, आणि ह्याचंच मुख्याध्यापिकेला जास्त वाईट वाटलं. "बावीस वर्षांत एकच पोर," त्या म्हणाल्या, "आणि तीही घरचीच." चौकशी होईपर्यंत मावशीला शाळेत येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी बसल्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी इवली तिच्या खोलीवर आली, शाळेतून परस्पर. दप्तर न काढता दारातच उभी राहिली.

"मावशी, तू आईला सांगितलं नाहीस."

"काय गं?"

"की मी म्हटलं होतं मोठ्याने नको. मी म्हटलं म्हणून तू केलंस. मी आईला सांगू का?"

"नाही!" मावशी इतक्या जोरात म्हणाली की पोर दचकली. "तू नऊ वर्षांची होतीस. तुझा काहीएक दोष नाही. ऐकतेयस का? मी मोठी होते. मला माहीत होतं. तू माझ्यावर रागव. भांड माझ्याशी."

इवलीने दप्तर खांद्यावर सावरलं. मग म्हणाली, "मला येतच नाही राग. मला सारखं वाटतं, मी तेव्हा रडले असते तर बरं झालं असतं. मी हसले ना." आणि ती गेली. मावशी देवासमोर जाऊन बसली आणि तिला एकही ओळ आठवेना. जन्मभर गायलेलं सगळं पुसून गेल्यासारखं झालं होतं. मागायचं काय, तेही सुचेना. पोरीने राग धरावा हे मागवेना आणि धरू नये हेही मागवेना.

ताईच्या घराचा जिना तिच्या पायांच्या ओळखीचा होता. त्या संध्याकाळी ती चढून गेली. दाराची वरची कडी घातलेली होती, पण दार जुनं, मधून बोटभर फट राहायची. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"हलू नकोस गं, राणी."

"नाही हलत. पण कालच्यासारखं नको करू. काल निळं झालं."

"माझा हात थरथरतो तर मी काय करू?"

मावशीने दारावर हात टेकला. बावीस वर्षांत तिने किती पोरींना सुई दिली असेल त्याची गणती नव्हती, आणि बहुतेकींना कळतही नसे केव्हा दिली. ती दाराशी वाकून म्हणाली, "ताई, मांडीला दे. कातडी चिमटीत धर आणि झटकन आत जाऊ दे. हळू गेलीस की जास्त दुखतं."

"आई, मावशी आहे," इवली म्हणाली.

"माहितीये."

"मग उघड ना."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दिव्याची जागा बदलली असावी, कारण दाराच्या फटीतला उजेड गेला. मावशी पायरीवर बसली. खालच्या मजल्यावरची बाई बादली घेऊन वर आली, तिला बघून थबकली. "आत कुणी नाही का?" तिने विचारलं.

"आहेत," मावशी म्हणाली.

बाई पुढे गेली. आतून दबलेला "आई गं" ऐकू आला, आणि मागोमाग इवलीचा आवाज, "झालं?"

"नाही," ताई म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "सुई वाकडी गेली गं. परत टोचावं लागेल."